तुझा प्रश्न सातपुड्याच्या पायथ्याशीच आहे

प्रिय मुली,

पत्र मिळालं. शहाद्याहून जळगावला जाऊन एम.एस्सी. करतेयस, तेही जैवरसायनात, याचा फार आनंद झाला. चयापचयाच्या विकारांवर संशोधन करायचंय, तर क्रिस्पर, म्हणजे जनुकात नेमका बदल करायचं तंत्र, शिकायला कुठे जाऊ, असं तू विचारलंयस. तंत्राची काळजी करू नकोस. चांगल्या प्रयोगशाळेत हात बसला की ते येतं. ते कशासाठी शिकायचं, हे मात्र आधी ठरव.

मधुमेहासाठी सगळीकडे एचबीए१सी तपासतात. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्या एका आकड्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर कळते. आता आपल्याकडचा विचार कर. नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक आहे. हिमोग्लोबिनमधल्या बीटा-ग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच बदल. पण सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी जेमतेम १० ते २० दिवस टिकते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, रिपोर्ट कमी येतो, आणि मधुमेह असलेला माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तरी पेशी लवकर फुटून आकडा खाली येऊ शकतो. उलट लोहाच्या कमतरतेत तो वर चढू शकतो. या तिन्ही गोष्टी आपल्या आदिवासी पट्ट्यात आढळतात, कधी कधी एकाच माणसात. जे वाहक आहेत, म्हणजे ज्यांना सिकलसेलचं जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलंय, त्यांच्यात फरक कमी पडतो, पण तोही तपासणीच्या पद्धतीवर अवलंबून असतो.

मग ६.५ टक्के ही एचबीए१सीची मधुमेहाची रेषा नंदुरबारातल्या धडगावच्या बाईला जशीच्या तशी लावायची का? लावायची नसेल, तर फ्रुक्टोसामिन, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर, बघायचं, की ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजायची? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, तपासण्या वाढल्यात. अशा वेळी त्या भागातली, तिथली बोली जाणणारी संशोधक हवीच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. ज्या आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध जास्त दिसला. याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि सहकाऱ्याची ९.१. असे प्रश्न माणसांकडे नीट बघितल्यावर सुचतात. जनुकांवरच्या रासायनिक खुणा वगैरे रेणूंचा शोध त्यानंतर येतो, आणि तेव्हा तो नेमका होतो.

कामाच्या गोष्टी सांगते. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेची तयारी आतापासून कर. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये फेलोशिप असते, घरावर भार पडत नाही, आणि गाईड निवडताना तुझा शब्द राहतो. गाईडचं नाव किती मोठं आहे हे बघण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. पीएच.डी. किती वर्षांत झाली, चुकलेला प्रयोग मोकळेपणी सांगता येत होता का, हे विचार. दुसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला, तर तिथे जाऊ नकोस.

नमुने गोळा करणं हे हलकं काम समजू नकोस. मे महिन्यात धडगावचा घाट उतरताना पेटीतला बर्फ वितळला की जी६पीडीची सक्रियता उतरते, आणि धडधाकट माणूस तुझ्या वहीत कमतरतेचा रुग्ण ठरतो. म्हणून रक्त घेतल्याची वेळ, पेटीचं तापमान, नमुना कोणी आणला, सगळं त्याच दिवशी लिहायचं. संमतीपत्र छापील मराठीत असतं, ते वाचून दाखवून अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं मी मानत नाही. पावरी बोलीत समजावून सांगायला गावातल्या आशाताईला, म्हणजे तिथल्या आरोग्य कार्यकर्तीला, सोबत ने. रिपोर्ट त्या घरी परत पोचवायची जबाबदारीही तुझीच. लग्नाच्या वयाच्या मुलीला 'वाहक' हा शब्द कसा ऐकू येईल, याचा विचार आधी करून ठेव.

संख्याशास्त्र टाळू नकोस. क्रेब्ज चक्र, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रियांची साखळी, पाठ करण्यापेक्षा एखादं एन्झाइम बंद पडलं तर आधी काय साठेल आणि पुढे काय कमी पडेल, हे कागदावर मांडत जा.

दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबारच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये परवानगी घेऊन चार दिवस बस. तिथे एचबीए१सी कोणत्या पद्धतीने करतात आणि रिपोर्टवर सिकलसेलची नोंद येते का, एवढं बघून मला कळव. त्यावरून तुझ्या संशोधन प्रस्तावाचा पहिला परिच्छेद आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
मावशी