बाईंना विचारा : पेटीतली चिठ्ठी

या खेपेला पत्रं आली ती बहुतेक सगळी जुन्या शाळेबद्दल. पानं दोनच मिळतात, म्हणून चार पत्रं घेते. ज्यांनी छडीबद्दल विचारलं त्यांना एवढंच, की खाल्ली आहे आणि पुढे मास्तरीण झाल्यावर दिलीही आहे. दुसऱ्या गोष्टीची लाज वाटते.

प्रश्न : पाचवीतल्या नातवानं विचारलं, "चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, तर एक आणा म्हणजे किती?" मी म्हटलं सहा. तो म्हणतो, "साही चोक चोवीस. एक पैसा कुठे गेला?" मी गप्प. (एक आजोबा, मानेवाडा)

उत्तर : नातवाला माझ्या नावानं संत्रा बर्फीचा तुकडा द्या. तो पैसा आम्ही खाल्ला.

रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाला ६४ पैसे हा जुना हिशेब. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले आणि रुपयाचे १०० झाले. आण्याला पडले सव्वा सहा. आता पाव पैशाचं नाणं कोण पाडणार? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ असे आकडे बसवले होते. मी तेव्हा उमरेडला सातवीत होते. कोष्टक शाळेच्या भिंतीवर लागलं आणि आठवड्याभरात त्यातली फट आम्हाला सापडली. चौघींनी मिळून एकदम चार आण्यांच्या फल्ल्या घेतल्या तर २५ पैसे. तेच एकेकीनं आण्याची पुडी वेगळी घेतली तर २४! दोन दिवस आम्ही फार हुशारीत होतो. तिसऱ्या दिवशी फल्लीवाल्या म्हातारीनं नवा पैसा, ती तांबडी टिकली, कपाळाला लावून पाहिली, "कुकवाच्या कामाची आहे" म्हणाली आणि पुडीतल्या शेंगाच कमी केल्या. तिला कोष्टक लागलं नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत यंदा भुलाबाई बसवणार आहोत. मुली गाणी मोबाइलवरून शिकताहेत. पण "खाऊ ओळखणं" म्हणजे नक्की काय करायचं? (एक सूनबाई, मनीषनगर)

उत्तर : भुलाबाई मांडून गाणी म्हणायचा हा पोरींचा खेळ भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालायचा. संध्याकाळी पोरी घरोघर फिरायच्या. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवायची आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. गोड की तिखट, एवढं विचारायला मुभा. खुळखुळ वाजलं तर फुटाणे, शंकरपाळे. नुसतं धप्प झालं तर शिरा किंवा पातोडी. आमची आई शिऱ्याच्या डब्यात कागदात बांधून चार चिंचोके टाकायची आणि अख्खी गल्ली फुटाण्यांवर अडून बसायची. खाऊ घरी करा बाई. दुकानातला आणाल तर डब्याआधी पिशवीवरचं नावच पोरी वाचतील.

प्रश्न : आजी मागच्या वर्षी गेली. तिच्या लोखंडी पेटीत लुगड्यांखाली कागदाचा एक चतकोर सापडला. शाईनं लिहिलंय, "वेणी मोठी, पाटी छोटी, गणित आलं की सर्दी खोटी." खाली नाव नाही. आई म्हणते फिशपॉन्ड असेल. मला वाटतं प्रेमपत्र. कोण बरोबर? (एक नात, धंतोली)

उत्तर : आई बरोबर. पण तूही अगदीच चुकली नाहीस.

आधी आमचा वर्ग डोळ्यांपुढे आण. नववीत मुलं अडतीस, मुली सहा. मुलींचा बाक एकच, दाराजवळ. मास्तर वर्गात शिरले की त्यांच्या मागून आम्ही रांगेनं आत जायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर. मधल्या सुट्टीत आम्ही सहाजणी सामानाच्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी डबे खायचो. मुलांशी बोलायचं नाही, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती. कोणाची वही हवी असली तर खालच्या वर्गातला धाकटा भाऊ पाठवायचा, त्यानं ती आणायची आणि त्याबद्दल एक गोळी वसूल करायची. वर्षभर एकाच खोलीत बसून ज्यांचा आवाज फक्त हजेरीच्या वेळी ऐकला, अशी मुलं मला आजही आठवतात.

या सगळ्यात एक भोक होतं, ते गॅदरिंगचं. जानेवारीत, संक्रांतीच्या मागेपुढे व्हायचं. आठ दिवस आधी मोठ्या मास्तरांच्या खोलीबाहेर फिशपॉन्डसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवत, झाकणाला चीर पाडलेली. ज्याला ज्याच्याबद्दल जे वाटतं ते दोन ओळींत लिहून डब्यात टाकायचं, स्वतःचं नाव घालायचं नाही. सोबत वस्तू द्यायची असेल तर पुडीत बांधून. दोन मास्तर बसून चिठ्ठ्या निवडत, वावग्या फाडत. मग गॅदरिंगच्या रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात नावं पुकारली जायची. ज्याचं नाव येईल त्यानं मंचावर जाऊन बांबूचा गळ पडद्याआड टाकायचा. आतून कोणीतरी त्याला पुडी अडकवायचं, ती सगळ्यांपुढे सोडायची आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली जायची. रोज उशिरा येणाऱ्याला पत्र्याचं घड्याळ, बडबड्याला कुलूप. टकलू मास्तरांना एकदा कंगवा निघाला होता आणि तो त्यांनीच निवडीत पास केला होता. चिठ्ठी नंतर ज्याची त्याला मिळायची.

आता तुझ्या आजीची चिठ्ठी पुन्हा वाच. ती गणिताच्या तासालाच शिंकते हे ज्यानं लिहिलं, त्यानं तिच्या शिंका मोजल्या होत्या. मुलीनंही लिहिलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण आजीनं ती पेटीत ठेवली आणि एवढी वर्षं लुगड्यांखाली राहू दिली. यापलीकडे मला ठाऊक नाही, आणि आजोबांना विचारायच्या भानगडीत तू पडू नकोस.

सगळेच फिशपॉन्ड असे गोड नसत. एक मीच लिहिला होता. १९५९ चं गॅदरिंग. आमच्या वर्गात एक मुलगा होता, नाव सांगत नाही. उमरेडला तेव्हा घरोघर हातमाग. पहाटेपासून खटखट सुरू व्हायची, तिच्यावर आम्ही घड्याळ लावायचो. त्याच्याही घरी माग होता. विणलेली लुगडी बहुतेक व्यापाऱ्याकडे जायची, ओळखीपाळखीचे एखाददुसरं घरून घेत. मागावर शेवटी जो तुकडा उरायचा, त्याचा त्याच्या आईनं सदरा शिवला होता. तुकड्याला लुगड्याचा काठ तसाच होता, तो सदऱ्याच्या खालच्या घेरावर आला होता. तो खोचून ठेवायचा. फळ्यावर गणित सोडवायला हात वर केला की काठ बाहेर यायचा, बोटभर, हिरवा. गणितात तो माझ्या पुढे होता. मी त्याच्याकडे किती वेळ पाहत असेन, हे त्या काठावरूनच समजून घे.

डाव्या हातानं अक्षर वाकडं काढून मी लिहिलं :

"सदऱ्याला काठ, काठाला जर,
बाकीचं लुगडं कोणाच्या घरं?"

जर नव्हतीच. यमकासाठी घातली. आणि आत्याच्या एका फाटक्या लुगड्याचा वीतभर पदर कापून सोबत पुडी बांधली. मास्तर हसले असतील, पास झाली.

त्याचं नाव पुकारलं. त्यानं गळ टाकला, पुडी सोडली, चिठ्ठी वाचली गेली. पटांगण फुटलं हसून. आम्ही सहाजणीही हसलो, मी जरा जास्तच, कारण न हसणारी पकडली जाते. त्यानं तो तुकडा पेट्रोमॅक्सखाली धरला. काठावरून अंगठा फिरवला, उलटा करून मागची बाजू पाहिली, बाजारात गिऱ्हाईक पाहतं तशी. मग म्हणाला, "हे आमच्याच घरचं आहे. बाबानं विणलं."

लोकांना वाटलं, गड्यानं परतफेड केली. आणखी हसले, टाळ्याही पडल्या. त्यानं तुकड्याची नीट घडी केली, खिशात ठेवला आणि खाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तोच सदरा घालून आला. काठ खोचलेला नव्हता. तो त्यानं पुढे कधीच खोचला नाही.

चिठ्ठी लॅमिनेट करू नकोस. एकदा केलं की पुन्हा सोडवता येत नाही. बटर पेपरात ठेव, अंधारात.

प्रश्न : उमरेडची छोटी गाडी बंद झाली तेव्हा माझे वडील फार हळहळले. तुम्ही तिनं प्रवास केला आहे का? (एक वाचक, दिघोरी)

उत्तर : केला म्हणजे काय, १९६१ ला मॅट्रिक झाल्यावर नागपूरला कॉलेजात नाव घातलं ते त्याच गाडीच्या भरवशावर. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, डबे खेळण्यातल्यासारखे, समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा. नागपुरात महाल भागात मामाकडे राहायचे, शनिवारी इतवारी स्टेशनाहून गाडी धरून घरी. पांढरं लुगडं नेसायची सोय नव्हती, इंजिनाची काजळी असायची ना. चढ आला की ती इतकी रेंगाळायची, की पोट्टे उतरून बोरं तोडून पुन्हा चढत. नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, मोठ्या रुळांच्या कामासाठी.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एका शनिवारी डबा खच्चून भरला होता. कोणीतरी सरकून जागा दिली. पाहते तर तो. नववीनंतर शाळा सोडून एम्प्रेस मिलमध्ये लागला होता, कानाच्या पाळीवर कापसाचा तंतू होता. डब्यात दुसरं कोणी ओळखीचं नाही, तरी आम्ही दोघंही आधी खिडकीकडेच पाहत होतो. मग त्यानं विचारलं, "गणितच घेतलं का जी?" मी हो म्हटलं. "बरं केलं." शाळेतली तीन वर्षं धरून आमचं हे पहिलं बोलणं.

भांडेवाडी गेल्यावर तो म्हणाला, "तुमच्या आत्याले सांगा, त्या हिरव्या काठाचं लुगडं बाबा अजून विणते. पाहिजे असंन तर घरी या म्हणा."

आत्याचं नाव मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. कुही येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तिथे गाडी थांबली, तो पाणी प्यायला खाली उतरला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "तुमच्यासाठी आणू का?"

आणा म्हटलं.