‘घरसामान, १ लॉट’

प्रिय बाळ,

परवा तू फोन केलास तेव्हा मी वावरात होतो. पऱ्हाट्या उपटणं चालू होतं, वारा सुटला होता, तुझं अर्धं बोलणं ऐकूच आलं नाही. जेवढं ऐकलं त्यावरून एवढं कळलं की पुण्याच्या नोकरीचं पक्कं झालं, तुझी आई, आमच्या वहिनी, तुझ्यासोबत यायला एकदाच्या तयार झाल्या, आणि कुण्या पॅकर्सवाल्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा पाठवला आहे. "हो म्हणून टाकू का काका?" हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. हो म्हणू नकोस. निदान हे पत्र वाचून होईस्तोवर तरी म्हणू नकोस.

बँकेत असताना माझ्या सात बदल्या झाल्या. त्याआधी वडिलांच्या झाल्या त्या वेगळ्या. मी लहान असताना आमचं अख्खं घर दारव्ह्याहून मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेतून गेलं होतं. आई गव्हाच्या कोठीला टेकून बसली होती. हमाल ओळखीचे, आणि गाडी इतकी सुस्त की काही पडलं असतं तर उतरून उचलून आणता आलं असतं. आता सामान अनोळखी पोरांच्या हाती जातं. त्यात वाईट काही नाही. त्यांचा तो धंदा आहे, आणि बरेच जण तो मन लावून करतात. पण ओळखीनं भागायचं ते आता कागदानं भागवावं लागतं.

हे मला २०१३ साली कळलं, उमरखेडहून मेहकरला जाताना. कंपनीची माणसं आली, टोप्या घातलेली, नम्र. तीन तासांत घर खोक्यांत गेलं. मॅनेजरनं बिल्टी, म्हणजे माल वाहतुकीला घेतल्याची पावती, पुढे केली, मी सही ठोकली. सामान पोचलं ते सहाव्या दिवशी. काकूच्या शिलाई मशीनचा बिडाचा पाय मोडलेला, भांड्यांची दोन खोकी गायब. मी तणतणत बिल्टी काढली. मालाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘घरसामान, १ लॉट’. ऑफिसातला माणूस फोनवर शांतपणे म्हणाला, "साहेब, एक लॉट दिला, एक लॉट पोचला." लोकांच्या कर्जाच्या कागदांवर पंचवीस वर्षं सह्या घेणारा मी, पण स्वतःच्या घराचा कागद न वाचता सही करून बसलो होतो. मशीन आजही आमच्या ओसरीत आहे, मोडक्या पायाखाली वीट लावून. काकूनं ती वीट मुद्दाम काढू दिली नाही.

म्हणून पहिलं काम यादीचं. आकडा नंतर.

वही घे आणि घरात फीर. एकटी नको, वहिनींना घेऊन. दर वस्तूला एक ओळ: काय आहे, किती आहेत, कशी आहे. ‘आलमारी, लोखंडी, १, डाव्या दारावर पोचा.’ ‘पितळी गुंड, ३, एकाची कडा चेपलेली.’ जुना पोचा आपण होऊन लिहिलास की नवा पोचा त्यांना जुना म्हणता येत नाही. मग कंपनीची माणसं खोकी भरतील तेव्हा खोक्याच्या अंगावर नंबर, आणि यादीत त्या नंबरापुढे आत काय ते. या यादीवर त्यांच्या सुपरवायझरची सही हवी, आणि बिल्टीवर ‘सोबत यादी, पाने इतकी’ असं लिहिलेलं हवं. ते लिहायला तो कां-कूं करेल. करू दे. त्यानं लिहिल्याशिवाय ट्रकचं फाळकं लागू देऊ नकोस.

आता त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या आकड्याबद्दल. त्यानं तुला विचारलं, "वन बीएचके की टू बीएचके?" तू म्हणालीस टू. अगं, तुमचं घर टू बीएचके आहे का? ओसरी, माजघर, सैपाकघर, मागची पडवी, आणि वर तो माळा! माळ्यावर तुझ्या बाबानं काय काय कोंबून ठेवलं आहे ते देवालाच ठाऊक. फवारणीचा पंप, दोन कंदील, तुझ्या आजीचा पाळणा. शहरातल्या फ्लॅटवरून बांधलेला हिशेब आपल्या घराला लागत नाही. अमरावती-नागपूरच्या कंपनीला सांग, माणूस पाठवा; नाही पाठवत तर व्हिडिओ कॉलवर घर दाखवते. माळ्यासकट दाखव. आणि फोन हातात धरून बाहेर ये, गल्ली दाखव.

ही गल्लीच खरी मेख आहे. मारुतीच्या पारापासून तुमच्या दारापर्यंत १४ फुटी आयशर येत नाही. बखळीजवळचं वळण, लोंबणाऱ्या तारा, नालीवरचा फुटका ढापा. मंडपवाल्याची ४०७ गाडी तिथं अडकली होती आणि अर्ध्या गावानं ढकलली होती, आठवतं? ट्रक पारापाशीच थांबणार आणि तिथून पुढे हमाल आलमारी पाठीवर घेऊन चालणार, किंवा छोटा हत्ती टेम्पो फेऱ्या मारणार. हे आधी सांगितलं नाहीस तर ते पैसे ऐन वेळी मागतील, सामान अर्धं आत अर्धं बाहेर असताना. तेव्हा तू काय घासाघीस करणार? शेजारचा ट्रॅक्टर-ट्रॉली आहेच, फुकटात होईल, असं कुणीतरी सुचवेलच. मोह टाळ. ट्रॉलीत खडखडून जे फुटेल ते कुणाच्या माथी मारशील? दारातून उचलून पुण्याच्या दारात ठेवेपर्यंत एकाच कंपनीची जबाबदारी, छोटी गाडीसुद्धा त्यांचीच, हे कोटेशनमध्ये लिहून घे.

कोटेशन तीन कंपन्यांकडून घे आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचार. ट्रक आपल्या एकट्याचा की दुसऱ्याचं सामानही त्यात? दोघांचं असलं तर भाडं कमी पडतं, पण सामान मधे गोदामात उतरतं, पुन्हा चढतं, आणि दिवस वाढतात. माझी मशीन अशीच कुठल्यातरी गोदामात मोडली असावी. पॅकिंग, चढाई, उतराई, वरचा मजला, समृद्धीचा टोल, जीएसटी, सगळं धरून आकडा काय? कारंजाला समृद्धीवर चढला तर संभाजीनगरपर्यंत रस्ता झपाट्यानं कटतो, पण टोल कुणाचा ते आधी ठरलेलं बरं. ‘ई-वे बिलाचे चार्ज’ असं कुणी लावलं तर विचार कशाचे; ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला तो लागत नाही. जीएसटी नंबर माग. तो १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. प्रसिद्ध कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं करून बसलेले पुष्कळ आहेत. सगळ्यांत स्वस्त आकडा देणाऱ्याकडे मी संशयानं पाहतो, ही माझी बँकेतली खोड समज. आगाऊ रक्कम दहा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नकोस, आणि शेवटचा मोठा हिस्सा सामान उतरल्यावरच.

विम्याचं नीट ऐक. कोटेशनमध्ये ‘इन्शुरन्स ३ टक्के’ अशी ओळ असते. पुष्कळदा तो विमा नसतोच, कंपनीनं आपल्या खिशात घातलेले पैसे असतात. विमा कंपनीचं नाव, पॉलिसीची प्रत, आणि सामानाची तू सांगितलेली किंमत, या तीन गोष्टी कागदावर असतील तरच पैसे दे. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालकाची, असा शिक्का आहे का तेही बघ. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली, तू जास्त किंमत जाहीर करून जास्त दर दिला नसशील, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच धरतात. आणि नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. फोनवरचं भांडण धरत नाहीत, स्पीड पोस्टानं पाठवायची. पुढे ग्राहक आयोगात जायची पाळी आलीच तर २०१९ च्या कायद्यानं तू राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लिहून ठेव.

तारीख मे महिन्यातली धरली असशील तर पहाटेची धर. आपल्याकडे ४५ अंशांत बंद ट्रकच्या आत काय होतं ते मी पाहिलं आहे: प्लास्टिकच्या बरण्या वाकल्या, देव्हाऱ्याला चिकटवलेली आरशाची नक्षी गळून पडली. जूनवर ढकलू मात्र नकोस. मृगाचा एक पाऊस पडला की पारापुढची काळी माती चाक सोडत नाही, आणि छोटा हत्तीही तिथं हत्तीसारखाच बसतो.

काय न्यायचं, हा तुझा आणि वहिनींचा प्रश्न. मी त्यात पडत नाही. तरी दोन शब्द. कुलर नेऊ नकोस. तो लोखंडी धूड पुण्याच्या फ्लॅटच्या खिडकीत मावणारही नाही, आणि तिथं त्याची आपल्याइतकी गरजही नाही. टाकी कोरडी कर, मोटार आणि पंप काढून घरात ठेव, उन्हाळ्यात आलात की लागेलच. पाटा-वरवंटा मात्र वहिनी म्हणतील तर ने. वजनाचे पैसे पडतील, पडू दे. तुझ्या आजीच्या हाताचा आहे तो. वहिनींना ‘हे कशाला, ते कशाला’ म्हणू नकोस. त्या तीस वर्षांचं घर मागं ठेवून येताहेत, तू दोन बॅगा घेऊन हॉस्टेलला गेली होतीस. फरक आहे.

माळ्यावर सागाच्या चिरलेल्या पाट्या आहेत ना, बाबानं दारासाठी ठेवलेल्या? त्या ट्रकात टाकू नकोस. सागवानाला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, नाक्यावर ट्रक अडकला तर सगळंच सामान अडकेल. गॅसचं सिलिंडरही ट्रकात जात नाही. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा कर, डिपॉझिट आणि ट्रान्सफरचा कागद घे, तो पुण्यात दाखवला की कनेक्शन मिळतं. रेशनकार्ड रद्द करायची घाई नको, आता एका कार्डावर कुठंही धान्य उचलता येतं. सातबारा, फेरफार, बाबाचा मृत्यूचा दाखला, पासबुकं आणि दागिने तुमच्या हातातल्या पिशवीत. देवही. लोणच्याची बरणी कंपनी घेत नाही, घेतली तरी देऊ नकोस. तेल गळून सगळ्या गोधड्यांना वास लागतो. अकोल्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं जाणार असाल तर ती बरणी मांडीवर घेऊन जा, आमच्या पिढीनं असंच नेलं आहे.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून कोरडा कर, ट्रकात उभाच ठेवायला सांग. पोचल्यावर तीन-चार तास तसाच राहू दे, मग चालू कर.

पुण्याच्या सोसायटीला आजच विचार: ट्रक आत सोडतात का, सामानाला लिफ्ट देतात का, कोणत्या वारी आणि कोणत्या वेळात. रविवारी चालत नाही असं पुष्कळ ठिकाणी असतं, आणि आपला ट्रक नेमका रविवारीच पोचतो. तिथं उतरवताना यादी तू हातात धर. नंबर पुकार, टिक कर. ‘सामान सुस्थितीत मिळाले’ या ओळीखाली घाईनं सही नको. खोकी उघडायला वेळ नसेल तर सहीच्या वर ‘खोकी न उघडता घेतली’ असं आपल्या हातानं लिही. ड्रायव्हर म्हणेल, ताई, उशीर होतोय. त्याला चहा पाज, पण लिहूनच सही कर.

लोडिंगच्या दिवशी मी पहाटे साडेपाचला येतो आणि ट्रकच्या मागं खुर्ची टाकून बसतो. तू आत बघ, मी बाहेर बघतो. वहिनींना सांग, त्या दिवशी चूल पेटवू नका, काकू भाकरी, ठेचा आणि झुणका घेऊन येणार आहे, हमालांच्या वाट्याचाही. तू फक्त दिग्रसहून दोन काळे मार्कर आणि चार कार्बन पेपर आणून ठेव. यादीच्या तीन प्रती लागतील.

तुझा,
काका