शंका-समाधान : खेळातला मनगटी संगणक प्रत्यक्षात घडेल का?

प्रश्न : 'फॉलआउट' या व्हिडिओ गेममधील पात्राच्या डाव्या हातावर 'पिप-बॉय' नावाचा संगणक बांधलेला असतो. नकाशा, रेडिओ, प्रकृतीची स्थिती, जवळच्या सामानाची यादी आणि किरणोत्साराची मोजणी असे सारे त्याच्या हिरव्या पडद्यावर दिसते. मी इलेक्ट्रॉनिक्स पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्प म्हणून असा संगणक बनवावा असे मनात आहे. हे खेळणे ठरेल, असे मार्गदर्शक म्हणतात. यातले खरोखर काय शक्य आहे?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बरेच काही शक्य आहे. मात्र तुमच्या मार्गदर्शकांच्या शंकेलाही आधार आहे, आणि तो आधी समजून घ्यायला हवा. २०१५ साली 'फॉलआउट ४' बाजारात आला तेव्हा त्याच्या विशेष आवृत्तीसोबत प्लॅस्टिकचा पिप-बॉय मिळत असे. त्यात आपला मोबाइल बसवायचा आणि एका ॲपच्या साहाय्याने खेळातला पडदा त्यावर पाहायचा, अशी ती योजना होती. दिसायला तो हुबेहूब होता, पण कामापुरते पाहिले तर ते मोबाइलचे कव्हरच होते. तुमचा प्रकल्प तेवढ्यावर थांबला तर त्याला खेळणे म्हणणाऱ्यांना उत्तर देता येणार नाही.

हातावर माहिती बांधण्याची गरज खेळाच्याही आधीची आहे. अपोलो १२ पासून चंद्रावर उतरणाऱ्या अंतराळवीरांच्या मनगटावर करायच्या कामांची छोटी वही बांधलेली असे, कारण त्यांचे दोन्ही हात कामात गुंतलेले असत. १९८४ मध्ये सेको कंपनीने यूसी-२००० हे मनगटी यंत्र वेगळ्या कीबोर्डासह विकायला आणले. आजची स्मार्टवॉच त्याहून कितीतरी पटींनी समर्थ आहेत, तरी त्यांपैकी बहुतेकांची निम्मी हुशारी खिशातल्या मोबाइलवर आणि मोबाइलची हुशारी टॉवरवर अवलंबून असते. खेळातल्या उद्ध्वस्त जगात टॉवर नाही, इंटरनेट नाही, वीजही नाही, आणि तरीही पिप-बॉय चालतो. माझ्या मते त्याचा खरा गुण हाच आहे आणि प्रकल्प याच गुणावर उभा करावा.

आपल्या जिल्ह्यात असे दिवस कल्पनेतले राहिलेले नाहीत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत पाणी पसरले होते, आणि अशा वेळी वीज व मोबाइलची रेंज एकदम गेली की माणूस शेजारच्या गावापासूनही तुटतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापूरकराला पाठ असते. सध्याची पातळी किती, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कोणता रस्ता बंद झाला, एवढी माहिती टॉवरशिवाय मनगटावर पोहोचवणारे यंत्र तुम्ही केले, तर त्याला खेळणे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

आता एकेक भाग पाहू. खेळातील पडदा जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या नळीचा दाखवला आहे. तशा नळीला हजारो व्होल्ट लागतात, त्यामुळे तो विचार सोडून द्यावा. ओएलईडी पडद्यावर हिरवी अक्षरे सुंदर दिसतात आणि काळा भाग वीज खात नाही, पण भर उन्हात तो वाचणे अवघड जाते. उन्हात स्पष्ट दिसणारा आणि अत्यल्प विजेवर चालणारा मेमरी एलसीडी मला अधिक योग्य वाटतो, जरी त्यात हिरवी झळाळी मिळणार नाही. स्पर्शाचा पडदा मात्र मुळीच नको, कारण ओल्या बोटांना तो नीट दाद देत नाही. खेळातल्या पिप-बॉयला फिरते नॉब आणि जाड बटणे आहेत, ती तशीच ठेवावीत. मुसळधार पावसात, थंडीने आखडलेल्या बोटांनाही ती वापरता येतात.

मेंदू कोणता निवडता यावर यंत्र किती तास चालेल हे ठरते. रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा पूर्ण संगणक ६५ बाय ३० मिलिमीटरच्या पट्टीवर मावतो, पण पडद्यासह तो सुमारे २ वॅट घेतो असे धरा. १८६५० या प्रकारचा, ३.७ व्होल्टचा आणि ३००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा एक लिथियम सेल सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा देतो, म्हणजे यंत्र पाचेक तासांत बंद पडेल. तेच काम ईएसपी३२ सारख्या मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे एकाच चिपमधील छोट्या, कमी विजेच्या संगणकावर केले आणि सरासरी वापर १०० मिलिअँपिअरच्या आत राखला, तर त्याच सेलवर दिवसरात्र निघते. पुरात पाच तास काहीच नव्हेत, म्हणून मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे.

सर्वांत अवघड भाग इलेक्ट्रॉनिक्सचा नाही, हाताचा आहे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात आणि तळहात पालथा-उताणा करताना त्यांतले एक दुसऱ्यावरून फिरते. त्यामुळे मनगटाजवळचा भाग जवळजवळ अर्धे वर्तुळ फिरतो आणि कोपराजवळचा फारसा हलत नाही. पुठ्ठ्याची वीतभर लांब नळी हातावर घट्ट बांधून कुलूप उघडून पाहा, एकतर नळी घसरेल नाहीतर हात अडेल. खेळातील पात्राला ही अडचण येत नाही, तुम्हाला पहिल्याच दिवशी येईल. म्हणून पडदा आणि बटणे मनगटाजवळच्या आखूड, कडक भागात ठेवावीत, जड सेल कोपराकडच्या वेगळ्या मऊ पट्ट्यात ठेवावा आणि दोन्ही भाग लवचिक वायरने जोडावेत. वजन कोपराकडे गेले की हात उचलताना त्याचा भार कमी जाणवतो, हा आणखी एक फायदा.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतून ॲल्युमिनियमची पेटी ओतून घेण्याचा मोह होईल, पण बंद धातूच्या पेटीतून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत. त्रिमितीय छपाई करणार असाल तर पीएलए हे प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते हे ध्यानात ठेवा, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याचा आकार बिघडू शकतो. पट्ट्यासाठी आपल्या चप्पल कारागिरांचे बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले कातडे मनात येणे स्वाभाविक आहे. कारखान्यात कमावलेल्या कातड्यात बहुधा असते ते क्रोमियम त्यात नसल्याने क्रोमियमची ॲलर्जी असणाऱ्या त्वचेला ते सोसते, शिवाय शिलाई जन्मभर टिकेल अशी मिळते. पण भिजून वाळले की ते कडक होते. पुरासाठीच्या यंत्राला नायलॉनचा पट्टा बरा, कातड्याचा एक सणासुदीला ठेवावा.

सामानाची यादी आपोआप होणे फारसे जमणार नाही. किणी टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग जसा वाचला जातो तसे टॅग प्रत्येक वस्तूला लावता येतात, पण काही मीटरवरून ते वाचायला लागणारी अँटेना आणि वीज मनगटाला परवडणारी नाही. प्रकृतीपैकी नाडीचे ठोके हिरव्या प्रकाशाच्या सेन्सरने मोजता येतात, तेही हात स्थिर असताना अधिक खात्रीने. खेळात आयुष्य किती उरले ते आकड्यात दिसते, तसा एक आकडा कोणताही सेन्सर देऊ शकत नाही. किरणोत्साराची मोजणी पूर्णपणे शक्य आहे. एसबीएम-२० ही जुनी सोव्हिएत बनावटीची गायगर नळी, म्हणजे किरण आत शिरला की टकटक उमटवणारी नळी, आजही मिळते आणि सुमारे ४०० व्होल्टवर चालते. आपल्याकडच्या बेसॉल्ट खडकात युरेनियम व थोरियम ही किरणोत्सारी मूलद्रव्ये कमी असल्याने ती मिनिटाला वीसेक टकटकींच्या आसपास राहील. नैसर्गिक किरणोत्सार सर्वत्र असतो हे शाळेतल्या मुलांना कानांनी ऐकवण्यासाठी ती जरूर लावा, पुरासाठी तिची गरज नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने असा संगणक बनवायला घेतला आहे. लिथियम बॅटरी हातावर बांधणे सुरक्षित आहे का?
— एक पालक, कागल

उत्तर : काळजी घेतली तर आहे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल वापरू देऊ नका. संरक्षक सर्किट असलेला आणि जोडणीच्या पट्ट्या आधीच लावलेला नवा सेल घ्यावा, कारण सेलवर थेट सोल्डरिंग केल्यास तो आतून बिघडू शकतो. चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबलेच पाहिजे आणि यंत्र हातावर असताना चार्जिंग कधीही करू नये. सेल आणि त्वचा यांच्यामध्ये हवा खेळेल असा जाड थर असावा. ४३ अंशांहून गरम वस्तू त्वचेला बराच वेळ लागून राहिली तर भाजू शकते, म्हणून एक तापमान सेन्सर सेलशेजारी लावून त्याआधीच यंत्र बंद होईल अशी सोय करायला मुलाला सांगा. गायगर नळी लावणार असेल तर तिचा उच्चदाबाचा भाग पूर्ण झाकलेला हवा. वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, झटका देऊ शकतो.

प्रश्न : पुरात आमच्याकडे मोबाइल बंद पडतात. टॉवरशिवाय असे यंत्र संदेश कसे पाठवणार आणि किती लांब?
— एक वाचक, कुरुंदवाड

उत्तर : यासाठी लोरा नावाचे, थोड्या विजेवर छोटे संदेश लांबवर पाठवणारे रेडिओतंत्र आहे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक मर्यादेतील कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याविना खुला आहे आणि या लहरींची अँटेना साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने हातावर सहज मावते. बोलणे किंवा छायाचित्र यातून जात नाही, दोन-तीन ओळींचा मजकूर जातो. 'मेश्टॅस्टिक' ही खुली प्रणाली वापरली तर प्रत्येक यंत्र दुसऱ्याचा संदेश पुढे ढकलते.

पल्ला मात्र उंचीवर अवलंबून असतो. पन्हाळा किंवा जोतिबाच्या डोंगरावरून समोर दृष्टी मोकळी असेल तर पंधरा-वीस किलोमीटरवरही संदेश पोहोचू शकतो. तुमच्या सपाट भागात एका मनगटावरून दुसऱ्या मनगटावर एक-दोन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ झाले, कारण घरे, माणसाचे शरीर आणि ओला ऊस या लहरी शोषतात. म्हणून गावातील पाण्याच्या उंच टाकीवर, ग्रामपंचायतीच्या परवानगीने, छोट्या सौर पॅनेलवर चालणारे एक यंत्र कायमचे बसवावे, आणि अशा टाक्यांची साखळी जिथे इंटरनेट टिकून असेल अशा ठिकाणापर्यंत न्यावी. पातळीचे आकडे जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाने जाहीर केलेलेच पुढे पाठवावेत, ऐकीव नकोत. चाचणी उन्हाळ्यात करून भागणार नाही. ऊस डोक्यावर गेलेला आणि शेते पावसाने निथळत असतानाच ती घ्यावी, कारण पूर येतो तेव्हा शिवार तसेच असते.