आधी छेद बघ

मुली,

रविवारी फोनवर तुझा आवाज रडवेला होता. १९२१ साली मुंबईत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ६६६ बाळं वर्षाच्या आत गेली, हे तू प्रबंधात लिहिलंस. मार्गदर्शक म्हणाले, आकडा फुगलेला आहे, काढून टाक. आता तुला अख्खं गिरणगावच खोटं वाटायला लागलंय.

फुगलेला आहेच. पण कशानं फुगला? रत्नागिरीकडची बाई बाळंतपणाला गावी जायची, जन्माची नोंद तिकडे. लेकरू घेऊन परळच्या चाळीत परतली आणि ते इथं दगावलं, तर मृत्यू मुंबईच्या खात्यात. मृत्यूंचा अंश वाढला, जन्मांचा छेद वाढलाच नाही. म्हणून म्हणते, आधी छेद बघ.

आणि छेद चुकला म्हणून ते मूल जिवंत होतं का गं? एकाच खोलीत चूल, धूर, खोकणारा माणूस आणि ओली बाळंतीण. डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली, तीत बाळगोळी जागोजागी आहे. बाळगोळी म्हणजे अफू. ती दिल्याशिवाय आई कामावर जाणार कशी? हे सगळं तुला ठाऊक आहे, तरी घाबरतेस!

१९१८ च्या इन्फ्लुएंझाचंही तसंच. शहराची सरासरी लिहून मोकळी होऊ नकोस. त्या साथीत मुंबईतल्या युरोपियनांत हजारी ८.३ माणसं गेली, ज्यांना कागदोपत्री ‘खालच्या जाती’ म्हटलं त्यांच्यात ६१.६. छेद वेगळे केले तेव्हाच हे दिसलं.

मी नोकरीत नवी असताना एका वस्तीतल्या मातामृत्यूंचा अहवाल लिहिला. दवाखान्यात नाव घातलेल्या बायकाच मोजल्या. टक्का छान आला. घरीच बाळंत होऊन सूतिकाज्वरानं, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापानं, गेलेल्या दोघी हिशेबात नव्हत्या, आणि त्यांतल्या एकीची सासू मला रोज नळावर दिसायची. मी सही केली. मुदत संपत आली होती, वरच्यांना आकडा हवा होता, घरात कमावणारी मी एकटी. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. खरंच गेली असती का, हे मी अजून मनात घोळवते. तेव्हापासून छेद विचारल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही केली नाही, आणि त्यापायी दोनदा बदली झाली.

तू ६६६ काढू नकोस. त्याच पानावर, तळटीपेत नव्हे, जन्म कुठं नोंदले आणि मृत्यू कुठं ते लिही. रत्नागिरीच्या त्या वर्षांच्या जन्मनोंदी शोध. मार्गदर्शकांशी मी बोलणार नाही, तूच बोल. शुक्रवारपर्यंत तो परिच्छेद मला पाठव.

तुझी,
मावशी