कधी तंबाखू खाल्ला नाही, मानेतली गाठ दुखतही नाही. तरी डॉक्टरकडे जायलाच हवं का?

जायलाच हवं, आणि याच आठवड्यात, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. गाठ दीड महिन्यापासून आहे म्हणता. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आम्ही तसेच राहिलो होतो.

माझ्या मोठ्या भावाने आयुष्यात सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही. एकदा दाढी करताना जबड्याखाली बोराएवढी गाठ हाताला लागली. घसा ठणठणीत. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, मग टीबीची शंका, वर "तंबाखू नाही ना, मग काळजी नको". यात चार महिने गेले. शेवटी सुईने गाठीतला नमुना काढला (एफएनएसी), तेव्हा कॅन्सर कळला, आणि पुढच्या तपासणीत त्याचं मूळ टॉन्सिलमध्ये सापडलं. टॉन्सिलच्या तुकड्याची पी-16 तपासणी (कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू आहे का, याची खूण शोधणारी) पॉझिटिव्ह आली. कारण एचपीव्ही, गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा तोच विषाणू.

हा शरीरसंबंधातून पसरतो हे ऐकून वहिनी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. डॉक्टरांनीच तिला बसवून समजावलं: हा संसर्ग बहुतेकांना कधी ना कधी होतो, वर्ष-दोन वर्षांत शरीर तो घालवतं. थोड्यांच्यात तो राहतो आणि कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो. कुणाकडून, कधी, हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

पस्तीस वेळा रेडिएशन झालं, चेहऱ्यावर घट्ट मास्क आवळून. पेजसुद्धा गिळवत नव्हती. लाळ आटली ती आटलीच, आजही उशाशी पाण्याची बाटली असते. पण तंबाखूच्या कॅन्सरपेक्षा हा उपचारांना चांगली दाद देतो. भाऊ बरा आहे.

गर्भाशयमुखासाठी पॅप तपासणी असते, तशी घशासाठी नाही. म्हणून आपणच लक्ष ठेवायचं: एकच टॉन्सिल मोठा दिसणं, एकाच बाजूचा कान दुखणं, घास अडकणं, थुंकीत रक्त. तीन आठवड्यांवर गेलं की दाखवायचं.

घरात मुलं असतील तर एचपीव्हीची लस द्या, मुलग्यांनाही. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक 2023 पासून मिळते, मुलगे-मुली दोघांसाठी, वय 9 ते 26. घशाच्या या कॅन्सरमागे बहुतेक वेळा असणारा एचपीव्हीचा 16 नंबरचा प्रकार तिच्यात आहे. 14 पर्यंत दोन डोस, पुढे तीन. झालेला संसर्ग ती बरा करत नाही, म्हणून लवकर. पुतण्याला आम्ही दिली.

तुम्ही जाल तेव्हा गाठ पहिल्यांदा कधी लागली ती तारीख सांगा, आणि नुसत्या गोळ्या मिळाल्या तर सुईच्या तपासणीबद्दल स्पष्ट विचारा. कुणी थेट गाठच कापून काढू म्हणालं, तर आधी दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा.