बीपीएलची १.२० लाखांची मर्यादा बेळगावातल्या घरखर्चाला पुरते का?

तुमचा प्रश्न असा आहे: कर्नाटकात बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या रेशन कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १.२० लाख आहे, ती बेळगाव भागातल्या खऱ्या खर्चाशी जुळते का? आणि तुमचं पाच माणसांचं घर १.४० लाखांवर चालतं, तर तुम्हाला गरीब धरतील का?

नियमाने धरणार नाहीत. पण माझ्या मते तुम्ही गरीब आहात, आणि तसं म्हणून घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. मी बेळगावच्या वडगावात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवते. उत्पन्नाचे दाखले, रेशन कार्ड, मुलांच्या स्कॉलरशिपचे अर्ज हेच दिवसभराचं काम, त्यामुळे हा १.२० लाखांचा आकडा कुणाकुणाच्या आड येतो ते मी रोज बघते.

आधी तुमचाच हिशेब घेऊ. १.४० लाख म्हणजे महिन्याला ११,६६७ आणि पाच माणसांत वाटले तर माणशी २,३३३ रुपये. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारतातल्या अगदी तळच्या ५ टक्के लोकांचा सरासरी खर्च माणशी महिना २,३७६ रुपये निघाला. तुम्ही त्याच्याही खाली आहात आणि तरी कार्डाच्या दृष्टीने ‘वर’ आहात. ग्रामीण भागासाठी तोच आकडा १,६७७ आहे, तेव्हा तुम्ही येळ्ळूर किंवा कडोलीकडे राहत असाल तर कागदावर जरा बरे दिसाल. पण उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला, मुलं शहरातल्या शाळेत, दवाखाना शहरात, अशा घराला खेड्याचा हिशेब लावणं मला तरी पटत नाही.

मुळात दारिद्र्यरेषा काढली गेली ती पोटाचा हिशेब धरून. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली २,२५० उष्मांकांचं अन्न ज्या खर्चात मिळतं तो खर्च पायाला धरला आणि १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी वर्षाला १८० आणि शहरात २७० रुपये अशी रेषा मांडली. पुढे समित्या आल्या, पद्धती बदलल्या. तेंडुलकर समितीने उष्मांकांचा आधार सोडला. त्या पद्धतीने २०११-१२ साठी कर्नाटकाची रेषा खेड्यात माणशी महिना ९०२ आणि शहरात १,०८९ रुपये निघाली. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात खेड्यात रोज २६ आणि शहरात ३२ रुपये असं सांगितल्यावर किती गदारोळ झाला होता ते आठवत असेल. २०१४ मध्ये रंगराजन समितीने देशासाठी ९७२ आणि १,४०७ असे वाढीव आकडे सुचवले, ते सरकारने स्वीकारले नाहीत. त्यानंतर नवी अधिकृत रेषा आलेलीच नाही.

२०११-१२ पासून किमती ढोबळमानाने दुप्पट झाल्या. म्हणजे ते १,०८९ आज साधारण २,२०० होतात. आणि १.२० लाखांची मर्यादा पाच माणसांत वाटली की येतात माणशी २,०००. ज्या रेषेवर तेव्हा एवढी टीका झाली, तिच्याही किंचित खाली आपली आजची मर्यादा आहे. शिवाय ती कुटुंबावर आहे, माणसांवर नाही. दोघांच्या घरालाही १.२० लाख आणि सात जणांच्या घरालाही तेवढेच. सगळ्यात मोठा अन्याय मला इथे दिसतो.

आता खर्चाकडे येते. आमच्या गल्लीत एक जोडपं आहे. तो यंत्रमागावर, ती घरी कांड्या भरते, दोन मुलं आणि सासूबाई. दोघांचे मिळून चांगल्या महिन्यात १२,००० येतात. मुलीच्या स्कॉलरशिपचा अर्ज भरताना आम्ही दोघींनी कागदावर मांडलेला त्यांचा महिन्याचा खर्च असा: भाडं ३,०००; डाळ, तेल, साखर, चहा, तिखटमीठ ३,०००; भाजी १,०००; दूध ७००; गॅस साडेआठशेच्या पुढे; सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या ९००; मुलांची रिक्षा आणि ट्यूशन १,२००; दोन मोबाईलचे रिचार्ज साडेपाचशे; आणि बायकांच्या गटावर घेतलेल्या कर्जाचा हप्ता २,४००. बेरीज साडेतेरा हजारांच्या वर गेली. यात कपडे नाहीत, मंगाईच्या यात्रेला येणारे पाहुणे नाहीत, कुणाच्या लग्नातला आहेर नाही. तांदूळ रेशनचा धरलाय म्हणून निभावतं. तो विकत घ्यावा लागला तर भाजीवर गदा येते, आणि भाजीनंतर गोळ्यांवर. सासूबाई एक दिवसाआड गोळी घेतात हे ती माझ्याकडे हळू आवाजात बोलली.

त्या यादीतला हप्ता जरा नीट बघा. सरकारी खर्च-पाहणीत कर्जाची परतफेड आणि व्याज हे ‘खर्च’ धरलेच जात नाहीत. हे २,४०० घरातून दर महिन्याला जातात, पण गरिबी मोजताना कुठेच दिसत नाहीत. आणि हे कर्ज काही हौसेचं नव्हतं. सासूबाईंच्या दवाखान्यापायी काढलेलं होतं. दुसरी गोष्ट, त्याच २०२३-२४ च्या पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा ४० टक्क्यांच्याही आत आलाय. नुसतं धान्य दिलं म्हणजे गरिबाचं भागलं, असं म्हणायचे दिवस गेले.

सीमेपलीकडे चित्र बरं आहे असंही समजू नका. माझी थोरली बहीण चंदगड तालुक्यात दिलीय. शिनोळी आली की महाराष्ट्र, शेतं तीच, बाजार बेळगावचाच. तिकडे अन्न सुरक्षा कायद्याच्या प्राधान्य गटासाठी ठेवलेली मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये. ४४,००० पाच माणसांत वाटले तर माणशी महिना ७३३, रोजचे २४ रुपये. तेंडुलकर पद्धतीने महाराष्ट्राच्या खेड्यांसाठी २०११-१२ सालीच ९६७ रुपये निघाले होते! आणि त्याच राज्यात लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांची मर्यादा चालते. रेषा खर्चावरून ठरत नाही, किती लोकांना द्यायचं ते आधी ठरतं आणि रेषा त्याप्रमाणे वर-खाली सरकते, असं माझं स्पष्ट मत झालंय.

आपल्याकडे तर सरकारचे दोन आकडेच एकमेकांशी भांडतात. कर्नाटकात बहुतेक उद्योगांत पूर्ण महिन्याचं किमान वेतन १०,००० च्या वर आहे. म्हणजे मालकाने कायद्याप्रमाणे पगार दिला, पीएफची पावती निघाली, की घरातला एकच कमावता माणूस असला तरी कुटुंब बीपीएलच्या बाहेर. जो मालक रोखीने कमी देतो त्याच्या कामगाराचं कार्ड मात्र टिकतं. निदान किमान वेतनाएवढी तरी मर्यादा न्या आणि माणसं मोजून ठरवा, यासाठी आमदारांकडे निवेदनं गेली पाहिजेत. मराठी असो की कन्नड, या प्रश्नावर दोघांच्या चुली सारख्याच आहेत.

रेषेचा खरा फटका दवाखान्यात बसतो. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत. एपीएलला, म्हणजे रेषेच्या वरच्या कार्डाला, पॅकेजच्या ३० टक्केच मदत मिळते, तीही वर्षाला दीड लाखापर्यंत. १ लाखाचं ऑपरेशन निघालं तर तुमच्या घराला ७०,००० भरावे लागतील, म्हणजे तुमचं निम्म्या वर्षाचं उत्पन्न. रेषेच्या वर २०,००० असल्याची ही किंमत. 

आता तुमच्यापुरतं. बीपीएल मिळो न मिळो, एपीएल कार्ड तरी नक्की काढून ठेवा. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० एपीएल कार्डावरही मिळतात, फक्त कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव हवं आणि ती किंवा नवरा इन्कम टॅक्स किंवा जीएसटी भरणारे नसावेत. कर्ज मिळावं म्हणून कुणी रिटर्न भरायला सांगितलं तर आधी दहादा विचार करा. त्यापायी कार्ड गेलेली माणसं माझ्या दुकानात रडलीत. उत्पन्नाचा दाखला देणाऱ्या नाडकचेरीचा अर्ज कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या आणि उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय सही करू नका.

आणि एक मला तुम्हालाच विचारायचंय. तुमचे १.४० लाख आले कुठून? चांगल्या महिन्याची कमाई बाराने गुणली असेल, तर थांबा. माग, गवंडीकाम, शेतातली भांगलण, यातलं कुठलंच काम बारा महिने चालत नाही. वर्षातले दोन महिने काम बंद असेल तर तुमचं खरं उत्पन्न १.१७ लाखांच्या आसपास येतं, म्हणजे मर्यादेच्या आत. बंद महिन्यांची नोंद मालकाकडून लिहून घ्या आणि ती अर्जाला जोडा.