कोरस लहरी म्हणजे समूहगान नव्हे

प्रश्न असा आहे की अवकाशातल्या हवामानावरच्या एका मराठी मजकुरात ‘समूहगान लहरी उत्साही इलेक्ट्रॉनांना गती देतात आणि फुसफुस लहरी त्यांना खाली पाडतात’ असं वाक्य सापडलं, तर हे मराठी आहे का आणि नसेल तर काय लिहायचं.

उत्साहीचा, म्हणजे इंग्रजी ‘एनर्जेटिक’च्या शब्दशः भाषांतराचा, निकाल आधी लावून टाकतो. उत्साही गणपती मंडळाचे कार्यकर्ते असतात, इलेक्ट्रॉन नाही. मग वेगवान म्हणूया का, तर तिथेही गोची आहे, कारण १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ९४ टक्के वेगाने पळतो आणि ५० लाखवाला साडेनव्याण्णव टक्क्यांनी, म्हणजे ऊर्जा पाचपट झाली तरी वेग जेमतेम वाढला. फरक आहे तो ऊर्जेत, म्हणून सरळ ‘जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन’ म्हणावं. ऊर्जावान व्याकरणाने ठीक आहे पण हल्ली तो फ्लेक्सवरच्या युवा नेतृत्वाने पळवलाय.

आता खरी गंमत कोरस आणि हिसची, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या अवकाशातल्या ज्या लहरींचं वरच्या वाक्यात ‘समूहगान’ आणि ‘फुसफुस’ झालंय त्यांची. ही नावं कोणी शब्दकोश उघडून दिलेली नाहीत, ती कानावरून पडलीत. या लहरी विद्युतचुंबकीय आहेत, ध्वनी नव्हेत, पण त्यांची कंपनसंख्या काही शे ते काही हजार हर्ट्झ, म्हणजे नेमकी आपल्या कानाच्या पट्ट्यात बसते, त्यामुळे अँटेनाला अँप्लिफायर आणि स्पीकर जोडला की जे येतं ते थेट ऐकू येतं. पहिल्या महायुद्धात हाइनरिश बार्कहाउझेन हा जर्मन शास्त्रज्ञ शत्रूच्या फील्ड टेलिफोनवरचं बोलणं चोरून ऐकायच्या यंत्रणेवर काम करत होता आणि बोलण्याच्या मधेच ‘प्यूऽऽऽ’ असा खाली उतरत जाणारा आवाज यायचा, सैनिक म्हणायचे तोफगोळे उडताना ऐकू येतायत. त्याने १९१९ मध्ये ते छापलं, पण उलगडा व्हायला १९५३ उजाडलं. केंब्रिजच्या स्टोरीने दाखवलं की हा विजेच्या कडकडाटाचाच रेडिओ-आवाज आहे, तो पृथ्वीच्या चुंबकरेषांच्या कडेने हजारो किलोमीटर वर जाऊन दुसऱ्या गोलार्धात उतरतो, आणि वाटेतल्या प्लाझ्मामधून, म्हणजे विद्युतभारित कणांच्या विरळ वायूमधून, वरचे सूर लवकर पोचतात, खालचे रेंगाळतात, म्हणून ती घसरती शीळ. इंग्रजीत त्याला व्हिसलर म्हणतात. मराठीत ‘शीळ’च घ्या, शिट्टी नको, कारण शिट्टी कुकरची किंवा पंचाची, एका सुरात वाजून संपणारी, आणि शीळ माणूस तोंडाने घालतो तेव्हा सूर वरखाली सरकतो.

कोरसच्या बाबतीत भाषांतर करणाऱ्याने अर्धंच नाव पाहिलंय. पूर्ण नाव ‘डॉन कोरस’, आणि इंग्रजीत तो शब्द पहाटे पक्षी एकदम बोलायला लागतात त्यासाठी आहे, गाण्यातल्या कोरसशी त्याचा संबंध नाही. समूहगानात सगळे एका सुरात एकच ओळ म्हणतात, इथे एकेक आवाज सेकंदाच्या काही भागापुरता ‘टुईऽ’ करून वर चढतो, तोवर दुसरा सुरू झालेला असतो, तिसरा त्याच्यावर. व्हॅन अ‍ॅलन प्रोब्ज नावाचे दोन उपग्रह २०१२ मध्ये सोडले होते, त्यांच्यावरच्या आयोवा विद्यापीठाच्या उपकरणाने टिपलेलं रेकॉर्डिंग मी फोनवर लावलं तर पलीकडे मटार सोलत बसलेली आई म्हणाली, आत्ता दुपारी एवढी पाखरं कुठून आली रे. झालं, शब्द मिळाला. ‘किलबिल’. लोक भूपाळी सुचवतील, पहाटेची म्हणून, पण भूपाळी संथ आणि एकसूत्री, इथे अक्षरशः झाडावरचा गोंधळ आहे. ‘पहाटेची किलबिल’ म्हटलं तर विज्ञानालाही धरून होतं, कारण सूर्याच्या विरुद्ध बाजूकडून, मध्यरात्रीच्या आसपास आत ढकलले गेलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीभोवती पूर्वेकडे सरकत पहाटेच्या बाजूला येतात आणि या लहरी मुख्यतः तिथे उमटतात. म्हणजे नाव कानावरून ठेवलं आणि वेळही बरोबर निघाली.

हिस मात्र छळतो. तेच रेकॉर्डिंग पुढे गेलं तर आई उठून गॅस बघून आली. फूत्कार म्हणायचा मोह होतो पण फूत्कार सापाचा, एकदाच आणि धमकीचा, आणि हिस तासन्‌तास एकसारखा चालू असतो, त्यात ना चढ ना उतार. फुसफुस म्हटलं की फुसका बार आठवतो. आवाजाने सगळ्यात जवळचा सीत्कार, पण संस्कृत शृंगारकाव्य थोडं जरी वाचलेलं असेल तर तो शब्द विज्ञानाच्या पुस्तकात छापायची हिंमत होणार नाही. मी ‘सूंसूं’ वापरतो, वाऱ्याला वापरतो तसाच. ऐकायला बालिश वाटतं, मान्य आहे, पण ज्याने कधीच आवाज ऐकला नाही त्यालाही नीट कळतं.

लहर हा शब्द ठेवा, रेडिओलहरी रुळलंय, तरंगही चालेल. प्लाझ्मा तसाच ठेवावा, रक्तातला आणि हा वेगळा एवढं एकदा सांगितलं की झालं, आणि मॅग्नेटोस्फिअरसाठी (पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अंमल असलेला अवकाशाचा भाग) ‘चुंबकांबर’ हा शब्द आयनांबराच्या (आयनोस्फिअरच्या) चालीवर छान बसतो.

तर ते वाक्य मी असं लिहीन: ‘किलबिल लहरी इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देतात, आणि सूंसूं लहरी त्यांची वाट वाकवून त्यांना हळूहळू वातावरणात उतरवतात.’ दुसऱ्या अर्ध्यामुळेच व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यांच्या (पृथ्वीभोवती चुंबकक्षेत्रात अडकलेल्या जास्त ऊर्जेच्या कणांचे पट्टे) आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यामध्ये ती बऱ्यापैकी रिकामी फट राहते, आणि पहिल्या अर्ध्याची झळ उपग्रहांना बसते, कारण ऊर्जा घेतलेले इलेक्ट्रॉन धातूचं कवच भेदून आतल्या इन्सुलेशनमध्ये साचतात आणि एखाद दिवशी ठिणगी पडते. मूळ मजकुरात ‘गती देतात’ होतं, तेही ‘ऊर्जा’ करा, वरचं टक्केवारीचं कारणच इथे लागू आहे.

अजून एक राहिलं. हिस नक्की येतो कुठून यावर बराच खल झालाय, पण २००८ मध्ये, वरच्या जोडीच्या आधीच्या, दुसऱ्याच दोन उपग्रहांपैकी एक बाहेर आणि एक आतल्या दाट प्लाझ्मात असताना एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या आणि त्या जुळल्या: बाहेरची किलबिल आत झिरपते, वळसे घेत घेत एकमेकांत मिसळते आणि तिचा निदान काही भाग सूंसूं होऊन बसतो. लांबून बाजार ऐकला की शब्द जातात आणि नुसता गलका उरतो, तसं.